महाराजांचा होकार

माझ्या भावाला घरात सगळे महाराज म्हणतात. हे नाव बाबांनी ठेवलं. आई हयात होती तोवर ती या नावावर चिडायची, मग तीही म्हणायला लागली. आमच्याकडे नावं अशीच पडतात. आधी कोणी तरी चिडवतं, मग चिडवल्याचं विसरायला होतं.

नाव पडलं ते गाऱ्हाण्यावरून. आम्ही मूळचे कोकणातले. आजोबा गिरणीत आले, बाबाही काही वर्षं गिरणीत होते. गिरणी गेल्यावर ते मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले, आणि आम्ही मुलुंडकर झालो. कोकणातून बरोबर आणलेल्या फार थोड्या गोष्टी टिकल्या, त्यातली एक म्हणजे गणपतीतलं गाऱ्हाणं. आरती झाली की प्रसाद लगेच वाटायचा नाही. घरातला कर्ता पुरुष हात जोडून मूर्तीसमोर उभा राहतो आणि देवाकडे मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, एकेक मागणं मागतो. प्रत्येक मागण्यानंतर थांबतो. त्या थांब्यात मागे उभ्या असलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा."

बाबा एरवी मुंबईचं मराठी बोलत, पण गाऱ्हाणं मालवणीतच घालत. देवाला तीच भाषा कळते असं त्यांचं म्हणणं होतं. सुरुवात गंभीर असे. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी जी काय मोडकी तोडकी सेवा केली, ती गोड मानून घे." व्हय म्हाराजा. "घरातली इडापिडा भायर काढ." व्हय म्हाराजा. मग हळूच गाडी घसरे. "माझ्या चेडवाक पुस्तकातसून डोक्या वर काढूची बुद्धी दी." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. व्हय म्हाराजा. "माझ्या भावाक उसनी नेलेली छत्री परत करूची आठवण दी." इथे काका सोडून सगळे जोरात म्हणायचे. काकांना मात्र देवासमोर भांडता येत नसे.

माझ्या भावाला बोलायला फार उशीर लागला. तीन डॉक्टर आणि एक मांत्रिक झाले. आणि एका गणपतीत, बाबा काही तरी मागून थांबले असताना, सगळ्यांच्या आधी, खणखणीत आवाजात तो म्हणाला, "व्हय म्हाराजा." आई रडायला लागली. काका म्हणाले, "बघलास, आता ह्यो पुढारी होतलो." पुढारी तो झाला नाही, पण होकार मात्र पुढाऱ्यासारखा देऊ लागला, म्हणजे समोरचा काय मागतोय हे न पाहता. कोणी त्याच्यासमोर ठाय लयीत एकापाठोपाठ एक वाक्यं बोलून थांबत गेलं की तो हात जोडून प्रत्येक थांब्याला तेच म्हणतो. शाळेतल्या बाईंनी विचारलं, डबा खाल्ला का. व्हय म्हाराजा. गृहपाठ केला का. व्हय म्हाराजा. बाईंना तो वर्गातला सर्वात गुणी मुलगा वाटे. पहिली चाचणी होईपर्यंत.

स्वमग्न हा शब्द आमच्या घरात फार नंतर आला. तेव्हा तो विशीत होता. एका केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तो आम्हाला नीट समजावून सांगितला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येताना रिक्षात म्हणाले, "स्वतःत मग्न? ह्यो? ह्येचा सगळा लक्ष लोकांच्या चपलांर."

ते खरं होतं. महाराज बोलून काही मागत नाहीत. हवी असलेली गोष्ट ते दुसऱ्याच्या हातात आणून देतात. चहा हवा असला की रिकामा कप माझ्या हातात येतो. फिरायला जायचं असलं की बाबांच्या हातात किल्ली. आणि पाहुणा फार वेळ बसला की दाराबाहेरच्या त्याच्या चपला आत येतात आणि अलगद त्याच्या मांडीवर ठेवल्या जातात. विम्याच्या एका एजंटच्या मांडीवर चपला आल्या तेव्हा त्याचं पहिलं वाक्यही पुरं झालं नव्हतं. बाबा अशा वेळी उठून उभे राहत आणि नम्रपणे सांगत, "महाराजांनी निरोप दिलाय. आता माझ्या हातात काही नाही." निम्मी बिल्डिंग या प्रसंगातून गेलेली आहे. काका तर कितीदा गेले असतील. ते यायचेच बोरीवलीहून, जेवून झोपून चहा पिऊन जाण्यासाठी.

बाबा गेले ते गणपतीच्या तोंडावर. पहाटे उठले, चूळ भरली, परत येऊन पडले, आणि उठले नाहीत. त्याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही, म्हणून एवढंच लिहिते.

सुतक असल्यामुळे घरी गणपती येणार नव्हता. हे सगळ्यांना समजलं, महाराजांना नाही. त्यांनी माळ्यावरून गणपतीचा पाट काढला आणि खिडकीखालच्या नेहमीच्या कोपऱ्यात ठेवला. मी तो परत माळ्यावर ठेवला. दुपारी पाट पुन्हा खाली. असं चाललं होतं. शेवटी मी पाट तिथेच राहू दिला. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्या रिकाम्या पाटाकडे पाहून डोळे पुसत. त्यांना वाटे तो बाबांसाठी मांडलाय.

आमच्या सोसायटीचा स्वतःचा गणपती असतो, खाली आवारात, मांडवात. तो बसला त्या संध्याकाळी मी बाबांच्या बाराव्याच्या तयारीसाठी भांडुपला गुरुजींकडे गेले होते आणि काकांना महाराजांजवळ बसवलं होतं. पुढचं मी काकांकडून ऐकलं. त्यांनी ते अनेकदा सांगितलं आणि दर वेळी त्यात फुटलेल्या वस्तूंची भर पडली, तेव्हा कमीत कमी जे घडलं असेल तेवढंच सांगते. खाली आरती सुरू झाली. महाराज जिना उतरले. काका सुतकामुळे मांडवाबाहेर थांबले. महाराज आत गेले, सगळ्यांत पुढे उभे राहिले आणि आरती संपल्यावर हात जोडून वाट पाहू लागले. पण सोसायटीत गुजराती आहेत, तमिळ आहेत, घाटावरचे आहेत. तिथे गाऱ्हाणं घालत नाहीत. सेक्रेटरीकाकांनी मोदकाचं ताट उचललं. महाराजांनी ते धरलं. गाऱ्हाण्याआधी प्रसाद कसा वाटणार? सेक्रेटरी ओढू लागले, हे सोडेनात. मग एकदम यांनी सोडलं, आणि सेक्रेटरी ताटासकट थर्माकोलच्या कैलास पर्वतात जाऊन बसले. चष्मा फुटला. बायका ओरडल्या. ओरडण्याचा आवाज महाराजांना मुळीच सहन होत नाही. ते कान दाबून मोठ्याने किंचाळू लागले आणि मांडवाच्या खांबावर डोकं आपटू लागले.

कोणी तरी पोलिसांना बोलवा म्हणालं. काका म्हणाले, पोलीस नकोत, मी घेऊन जातो. अंधेरीला त्यांच्या ओळखीतल्या कोणी तरी सांगितलेलं एक खाजगी नर्सिंग होम होतं, मानसिक आजारांचं. मी घरी पोहोचले तेव्हा दार उघडं होतं, पाट जागेवर होता, आणि फोन वाजत होता.

"घाबरू नकोस, बाय," काका म्हणाले. "ह्येका हयसर ठेवलंय. चांगली जागा आसा. एसी आसा."

"ठेवलंय म्हणजे?"

"म्हणजे दाखल केलंय. मी सही केलंय."

"कशासाठी?"

काका मुंबईच्या मराठीत आले, म्हणजे ते गंभीर होते. "तुझे बाबा गेले. तू एकटी. नोकरी करतेस. आज खांबावर डोकं आपटलं, उद्या रस्त्यावर काय करेल? मी किती दिवस बोरीवलीहून येऊ? राहू दे थोडे दिवस. तुलाही झोप मिळेल."

ते वाईट बोलत नव्हते, हीच अडचण होती. वाईट माणसाशी मला भांडता आलं असतं, निदान पुस्तकं वाचून तसं वाटतं. पण काका माझ्या झोपेसाठी माझा भाऊ कुलपात ठेवून आले होते.

दुसऱ्या दिवशी मी अंधेरीला गेले. नर्सिंग होम स्वच्छ होतं. चपला बाहेर रॅकवर काढायच्या, मग एक प्रतीक्षेची खोली, आणि तिच्या पलीकडे जाळीचं दार. त्या दाराला आतून कडी नव्हती. महाराज पलीकडे खाटेवर बसले होते. औषधाने त्यांचे डोळे जड झाले होते आणि कपाळावर पट्टी होती. नर्स मनापासून म्हणाली, "एकदम गुणी पेशंट. काहीही विचारा, हो म्हणतात. इंजेक्शन देऊ का, हो. त्रास होतोय का, हो." मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझ्या हातात काही दिलं नाही. तिथे त्यांच्याजवळ देण्यासारखं काही नव्हतंच.

डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. मी म्हटलं, माझ्या भावाला ऑटिझम आहे, तो आजार नाही, त्याला घरी नेते. ते म्हणाले, "मॅडम, ऑटिझमसाठी आम्ही कोणाला ठेवत नाही. त्यांना आवाज ऐकू येतात, म्हणून ठेवलंय. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलंय." आणि त्यांनी फाइलमधून वाचून दाखवलं. आवाज ऐकू येतात का: हो. ते आवाज काही करायला सांगतात का: हो. कोणाला इजा करावीशी वाटते का: हो. स्वतःला? हो. खाली शेरा होता: रुग्ण डॉक्टरांना महाराज म्हणून संबोधतो, हात जोडतो, राजा अथवा देव समोर असल्याचा भ्रम संभवतो.

मला हसू आलं. सुतकात, जाळीच्या दाराशेजारी, मला हसू आलं, आणि डॉक्टरांनी माझ्याकडेही जरा निरखून पाहिलं. गाऱ्हाण्याची आणि त्या प्रश्नावलीची चाल एकच आहे, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. समोर एक कर्ता माणूस. गंभीर आवाज. एकेक वाक्य, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबा. महाराजांना वाटलं असणार, चला, कोणी तरी गाऱ्हाणं घातलं एकदाचं.

मी हे डॉक्टरांना समजावण्याचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "शक्य आहे. पण त्यांनी डोकं आपटलंय, एकाला ढकललंय, आणि दाखल करणारे नातेवाईक सोडा म्हणत नाहीत. मी कशाच्या आधारावर सोडू?"

मी घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. संकटात लोक देवाकडे किंवा वकिलाकडे जातात, मी कपाटाकडे जाते. कायदा विभागातून मानसिक आरोग्याचा कायदा काढला आणि रजा असूनही वाचनखोलीत बसून वाचला. मी हळू वाचते. कायदा पूर्वीच्या मानाने खूप सभ्य झाला आहे. त्यात कोंडणे हा शब्द नाही, आधार हा आहे. ज्याला जास्त आधार लागतो त्याला नातेवाइकाच्या अर्जावरून, त्याची स्वतःची संमती नसली तरी, काही दिवस आधारासह दाखल करता येतं. माझ्या भावाला जन्मभर जास्त आधार लागला होता. तो आधार रोज संध्याकाळी कारखान्यातून सायकलवर घरी यायचा. कायद्याला ते कुठून ठाऊक असणार. पण पुढे असंही लिहिलं होतं की दाखल झालेल्या माणसाला पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते, आणि मंडळाने त्याचं स्वतःचं म्हणणं ऐकलं पाहिजे. हे वाचून मला आधी धीर आला. मग लक्षात आलं की त्याचं स्वतःचं म्हणणं म्हणजे काय, ते मला चांगलंच ठाऊक आहे.

तरी अर्ज केला. मध्ये बाबांचं बारावं झालं, तेरावं झालं. काकांनी सगळे विधी केले, नीट केले. मुलाची जागा रिकामी होती. गुरुजींनी "मुलगा कुठेत?" विचारलं तेव्हा काका म्हणाले, "बरा नाही तो," आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मंडळाची माणसं नर्सिंग होममध्येच आली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, उंच, थोडे वाकलेले, बोलण्यात संथपणा असलेले. असा थांबत थांबत बोलणारा माणूस म्हणजे आमच्या घरात गाऱ्हाणं घालायला अगदी योग्य. त्यांच्याबरोबर एक मानसोपचारतज्ज्ञ होते आणि एक बाई होत्या, ज्यांचा स्वतःचा मुलगा आजारी होता. घरच्यांची बाजू कळावी म्हणून मंडळात तशी माणसं घेतात. सगळ्यांनी पाटीप्रमाणे चपला बाहेर रॅकवर काढल्या आणि प्रतीक्षेच्या खोलीतच टेबल मांडून बसले. काकांनाही बोलावलं होतं. मग जाळीचं दार उघडून महाराजांना बाहेर आणलं. त्यांच्या पायात दवाखान्याच्या निळ्या सपाता होत्या, आणि त्या डाव्या-उजव्याची अदलाबदल करून घातलेल्या होत्या.

न्यायाधीशांनी आधी विचारलं, "तुम्हाला इथे कसं वाटतं?" महाराज खिडकीकडे पाहत राहिले. अशा प्रश्नांशी त्यांचा काही संबंध नसतो.

"बरं. तुम्हाला इथे राहायचं आहे का?"

महाराजांनी हात जोडले. "व्हय म्हाराजा."

डॉक्टरांनी मंडळाकडे पाहिलं. ते विजयाने पाहत नव्हते. सांगितलं होतं ना, एवढंच त्या पाहण्यात होतं. न्यायाधीशांनी टिपून घेतलं आणि पुढे विचारलं, "घरी जायचं आहे का?"

"व्हय म्हाराजा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी उठले आणि एक-दोन गोष्टी विचारायची परवानगी मागितली. मिळाली. मी हात जोडून उभी राहिले. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, आणि माझं मालवणी पुस्तकी आहे, त्यामुळे काकांच्या चेहऱ्यावर दोन्ही कारणांनी वेदना दिसली.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, "ह्यो माझो भाव रेल्वेत मोटारमन आसा."

"व्हय म्हाराजा."

"ह्येची चार लग्ना झाली."

"व्हय म्हाराजा."

"आणि आरे कॉलनीतल्या सगळ्या म्हशी ह्येच्या मालकीच्यो."

"व्हय म्हाराजा," महाराज म्हणाले, याही वेळी तितक्याच श्रद्धेने.

मंडळातल्या बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग मी गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगितलं आणि विचारलं की डॉक्टरांनी प्रश्न कुठल्या चालीत विचारले होते. डॉक्टर प्रामाणिक निघाले. त्यांनी स्वतःच महाराजांकडे वळून, आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "हे हॉस्पिटल तुम्ही विकत घेतलंय का?"

"व्हय म्हाराजा."

"मग मला पगारवाढ मिळेल का?"

"व्हय म्हाराजा."

डॉक्टर हसले, आणि हसता हसता थांबले. त्यांनी फाइल जवळ ओढून ते पान पुन्हा वाचलं.

मला वाटलं, जिंकलो. पण न्यायाधीश हसले नव्हते. ते म्हणाले, "यांच्या होकाराला अर्थ नाही, हे तुम्ही छान दाखवलंत. पण मग 'घरी जायचंय' या होकारालाही अर्थ राहिला नाही. तुमची इच्छा मला कळली. यांच्या काकांचीही कळली. पण कायदा मला यांची इच्छा विचारायला सांगतो. ती मी कुठे शोधू?"

वर्षानुवर्षं याचं उत्तर बाबांनी दिलं होतं; महाराजांना काय हवंय ते बाबा सांगत आणि आम्ही मानत. त्या खोलीत बाबा नाहीत, हे मला त्या क्षणी जितकं कळलं तितकं स्मशानातही कळलं नव्हतं. मी खाली बसले.

महाराज मात्र उठले होते. वॉर्डबॉय पुढे झाला, तसं त्या बाई म्हणाल्या, "थांबा, जाऊ दे त्यांना." महाराज दाराबाहेरच्या रॅकपाशी गेले, वाकले आणि परत आले. त्यांच्या हातात तपकिरी चामड्याच्या मोठ्या सँडल होत्या. त्या त्यांनी न्यायाधीशांच्या समोर, थेट फाइलवर, नीट जोडून ठेवल्या. मग परत गेले. मानसोपचारतज्ज्ञांच्या मांडीवर त्यांनी बाईंच्या चपला ठेवल्या, बाईंना तज्ज्ञांचे बूट दिले. चूक त्यांच्या लक्षात आली नाही, किंवा आली असली तरी घाई होती. डॉक्टरांना डॉक्टरांचे मिळाले. माझ्या हातात माझ्या. काकांच्या मांडीवर काकांच्या, आणि त्या मात्र न चुकता, कारण त्या जोडीचा सराव मोठा होता.

न्यायाधीशांनी सँडलकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी तोंड उघडण्याआधीच काका बोलले.

"साहेब, ह्यो निरोप आसा," ते म्हणाले. मग सावरून, "म्हणजे हा निरोप आहे. आमच्या घरी कोणी फार वेळ बसलं की हा चपला आणून देतो. म्हणजे झालं, आता घरी जा. मला विचारा. मला वीस वर्षं देतोय."

"म्हणजे हे आम्हाला जायला सांगतायत?"

"सगळ्यांनाच सांगतोय, साहेब."

महाराज अजून रॅकपाशी होते. सगळ्यांचं देऊन झालं होतं, तरी ते परत येत नव्हते. वरच्या फळीपासून खालपर्यंत पाहत होते, दुसऱ्यांच्या चपला उचलून मागे शोधत होते, आणि पुन्हा वरपासून पाहत होते. नंतर त्यांनी पायातल्या निळ्या सपाता काढून रॅकवर जोडून ठेवल्या आणि अनवाणी उभे राहिले.

न्यायाधीशांनी नर्सला विचारलं, "यांची स्वतःची चप्पल कुठे आहे?"

"स्टोअरमध्ये, सर. दाखल करताना सगळ्यांच्या काढून ठेवतो."

"आणा," ते म्हणाले. आणि काकांकडे वळून, "तुमची काही हरकत?"

काका आपल्या मांडीवरच्या चपलांकडे पाहत होते. "नाही," ते म्हणाले. "मी बोरीवलीहून येत जाईन."

कागदपत्रं त्यानंतर झाली. मंडळाने दाखल करणं रद्द केलं, घरच्या घरी मदत कुठे मिळेल ते लिहून दिलं, आणि डॉक्टरांनी स्वतः खाली येऊन रिक्षा थांबवली. आम्ही तिघं आरेमधून आलो. गोठ्यांचा वास आला तसं महाराजांनी बाहेर डोकं काढलं, आणि काका म्हणाले, "बघ रे, तुझ्यो म्हशी." घाटकोपरच्या पुस्तकी बाईने मंडळासमोर केलेला विनोद काकांना आवडला होता, हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर महाराज हातपाय न धुता खिडकीखालच्या कोपऱ्यात गेले. पाट तसाच होता, रिकामा. त्यांनी हात जोडले आणि उभे राहिले. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. ते जेवायला येईनात, बसेनात. गणपती येऊन गेले होते, सुतक फिटलं होतं, पण एक गोष्ट व्हायची राहिली होती आणि ती झाल्याशिवाय ते पुढे जाणार नव्हते.

"काका," मी म्हटलं, "तुम्हालाच घालावं लागेल."

"पण देव खंय आसा हयसर?"

"तो असता तर बाबांनीच घातलं नसतं का?"

यात तर्क काहीच नव्हता, पण काका उठले. टोपी शोधली, सापडली नाही, डोक्यावर रुमाल घेतला. घसा साफ केला. त्यांना शब्द नीट येत नव्हते. जन्मभर ते मागे उभे राहून छत्रीचे टोमणे ऐकत आले होते. "बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, आणि अडले. मग प्रत्येक गाऱ्हाण्यात असतं ते वाक्य त्यांना सापडलं. "आमच्या हातसून जी काय चूकभूल झाली आसात, ती पदरात घे..."

पुढे त्यांचा आवाज गेला. तो थांबा नेहमीपेक्षा मोठा झाला.

"व्हय म्हाराजा," माझा भाऊ खणखणीत म्हणाला.

काका रुमालाने तोंड पुसत खुर्चीवर बसले. मी चहा ठेवला. मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा काका हसत होते आणि त्यांच्या मांडीवर त्यांच्या चपला होत्या.

"चाय तरी पिवक दी रे," ते म्हणाले.

या मागण्याला मात्र "व्हय म्हाराजा" आलं नाही.